पाणी जातंय कुठे?

गेल्या मे महिन्यात खंबाटकी घाटात माझी गाडी गरम झाली. अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आम्ही पुण्याहून साताऱ्याकडे परतत होतो. दुपारचे दोन वाजले होते, एसी चालू होता आणि पुढे ट्रकची रांग होती. अर्धा घाट चढलो असू, तेवढ्यात टेम्परेचरचा काटा मधली जागा सोडून वर सरकू लागला आणि बघता बघता लाल पट्टीला टेकला. गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. अम्मीच्या डोळ्यावर पट्टी असल्यामुळे तिला वाफ दिसली नाही, फक्त फुसफुस ऐकू आली. "क्या हुआ रे?" एवढंच विचारून ती तसबीह फिरवू लागली.

मागून आलेल्या ट्रकचा क्लीनर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन धावत आला. माणूस भला होता, पण त्याचा हात थेट झाकणाकडे गेला. मी तो धरला. मला त्या दिवशी एवढी एकच गोष्ट पक्की माहीत होती, की तापलेल्या इंजिनचं झाकण उघडायचं नाही. आत दाबाखाली कोंडलेलं पाणी झाकण सैल होताच उकळून उसळतं आणि तोंड-हात भाजून काढतं. आम्ही पाऊण तासाहून जास्त थांबलो. इंजिन निवल्यावर फडक्याने धरून झाकण हळूहळू सोडलं, दोन्ही बाटल्या थोड्या थोड्या करून ओतल्या, एसी बंद ठेवला आणि हीटर पूर्ण गरमवर लावून निघालो. मेच्या उन्हात हीटर! पण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. अम्मी घामाने भिजली, पण काटा मध्यावर राहिला. घरी पोचलो.

इथवरची गोष्ट अनेकांच्या बाबतीत घडली असेल. पुढची कबुली मात्र माझी आहे. गाडीतलं पाणी कमी होतंय हे मला तीन महिने माहीत होतं. दर आठ-दहा दिवसांनी मी बॉनेट उघडायचो, टाकीत नळाचं पाणी ओतायचो आणि झाकण लावायचो. कोणी विचारलं तर म्हणायचो, "जुनी गाडी आहे, थोडं पाणी खाते."

"गाडी पाणी खाते" हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. जणू काही पाणी खाणं हा गाडीचा स्वभावच आहे. खरं म्हणजे गाडी पेट्रोल खाते, थोडं ऑइलही खाते, पण पाणी खात नाही. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. पंप कूलंट इंजिनमधून फिरवतो, ते तापून रेडिएटरमध्ये येतं, निवतं आणि पुन्हा आत जातं. धडधाकट गाडीत टाकीची पातळी महिनोन्महिने जवळपास जागची हलत नाही. ती उतरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. जाण्याचे मार्ग तीनच. एक तर पाइप, रेडिएटर किंवा पंपातून बाहेर. नाही तर झाकणाचं रबर सैल झाल्यामुळे वाफेबरोबर. किंवा गॅस्केट जळाल्यामुळे इंजिनच्या आत. म्हणजे वरून पाणी टाकणं हा इलाज नाहीच. गळतीला दिलेली ती मुदतवाढ आहे. आणि मुदतवाढीलाही व्याज लागतं. नळाच्या, विशेषतः बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट पातळ होत जातं आणि त्यातली गंज रोखणारी द्रव्यंही त्याबरोबर विरतात. शिवाय साध्या पाण्याला 100 अंशांवर उकळी येते. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी या मिश्रणाला ती साधारण 107 अंशांवर येते, आणि झाकण दाब धरून ठेवत असल्यामुळे प्रत्यक्षात 120 च्याही पुढे. मी तीन महिन्यांत ही सगळी सवलत स्वतःच्या हाताने धुऊन टाकली होती. घाटाने फक्त हिशोब मागितला.

घरी आल्यावर मी तीन ठिकाणी विचारलं. पहिल्या ठिकाणी सांगितलं, रेडिएटर बदला, नऊ हजार. दुसरीकडे म्हणाले, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल, तीस हजार धरून चला. तिसऱ्याने तोडगा दिला, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी कधीच गरम होणार नाही." हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट ही इंजिनला ठरलेल्या तापमानाला आणणारी आणि तिथे राखणारी झडप आहे. ती काढली तर इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त जळतं, आतल्या भागांची झीज वाढते आणि गळती होती तिथेच राहते. तिघांच्या उत्तरांत एक गोष्ट समान होती. पाणी नेमकं कुठून जातंय हे तिघांपैकी कोणीही पाहिलं नव्हतं.

मग मी आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग मिस्त्रींकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. गॅरेज आता त्यांचा पुतण्या चालवतो. चाचा बाहेर खुर्ची टाकून बसतात. माझी सगळी कहाणी त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "वो सब ठीक है. पानी जा कहाँ रहा, वो देखा क्या? पहले वो देख, फिर मेरे पास आ." मला वाटलं, चाचा टाळतायत. नंतर कळलं, त्यांनी मला निम्मं काम सांगून टाकलं होतं.

शोधायला मला तीन दिवस लागले. दुरुस्तीला लागला एक तास. हा हिशोब लक्षात ठेवा, या लेखाचा मुद्दा त्यातच आहे.

पहिल्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी आणली आणि तिथे स्केच पेनने रेघ मारली. पातळी नेहमी थंड इंजिनवरच बघायची. गरम झाल्यावर पाणी फुगतं आणि रेघ खोटं बोलते. रात्री गाडीखाली सुटा केलेला पुठ्ठ्याचा खोका अंथरला. गळतीचं पाणी रंगीत असतं, हिरवं, नारिंगी किंवा गुलाबी, आणि त्याला गोडसर वास येतो. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. ते बघून घाबरायचं कारण नाही. ऑइलचा डाग तपकिरी-काळा आणि तेलकट असतो. डाग पुढच्या बाजूला असेल तर रेडिएटर किंवा त्याचे पाइप बघावेत. बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंप. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं, म्हणजे पंप स्वतःच सांगतो की मला बदला. गाडीच्या आत पायाखालचा गालिचा ओलसर आणि काचेवर चिकट धुकं असेल, तर हीटरचा रेडिएटर गळतोय.

सकाळी माझा पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता. तरी रेघेपेक्षा पातळी बोटभर खाली.

दुसऱ्या दिवशी वाईट शक्यता आधी तपासली, कारण तिच्या भीतीने झोप उडाली होती. हेड गॅस्केट गेलं तर पाणी इंजिनमध्ये शिरतं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही तो थांबत नाही, टाकीत बुडबुडे उठत राहतात, ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं, आणि थंड गाडी सुरू केल्यावर काही क्षणांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. डिपस्टिक काढून पाहिली, ऑइल काळंच होतं. धूर नाही, बुडबुडे नाहीत. तीस हजारांची भीती बरीचशी उतरली. मग बॅटरी घेऊन एकेक जोड पाहिला. वरचा जाड पाइप थर्मोस्टॅटच्या तोंडावर बसतो तिथे, क्लिपच्या खालच्या बाजूला, हिरवट-पांढरी पापडी धरली होती. कूलंट वाळलं की अशी खूण मागे ठेवतं.

तिसऱ्या दिवशी चाचांच्या गॅरेजमधून दाबाचा पंप आणला. सायकलच्या पंपासारखा असतो, वर मीटर. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी तो बसवायचा आणि झाकणावर जो आकडा लिहिलेला असतो तेवढाच दाब द्यायचा. जास्त दिला तर जुना पाइप फाटू शकतो. दाब देऊन मी शेजारी स्टुलावर बसलो. दहा मिनिटांत काटा उतरला आणि त्या पापडीखाली एक थेंब लोंबकळू लागला. तो जिथे पडत होता तिथे इंजिनचा तापणारा भाग होता. पुठ्ठ्यापर्यंत थेंब पोचतच नव्हता. वाटेतच त्याची वाफ होत होती. तीन महिने मी जमिनीवर डाग शोधत होतो आणि डाग नाही म्हणून स्वतःची समजूत घालत होतो.

आता माझी चूकही सांगतो. थेंब दिसल्याच्या आनंदात मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि क्लिप दीड फेरा आवळली. चार दिवस पातळी टिकली, पाचव्या दिवशी पुन्हा खाली. चाचा हसले नाहीत, पण म्हणाले, "लीक मिला, बीमारी नहीं मिली." पाइपचं टोक वयाने कडक होऊन क्लिपखालीच चिरलं होतं. आवळल्यामुळे ती चीर आणखी फाकली.

दुसऱ्यांदा काम नीट केलं. सकाळी, इंजिन थंड असताना. विजेवर चालणारा पंखा किल्ली काढल्यावरही काही गाड्यांत अचानक फिरतो, म्हणून आधी बॅटरीची ऋण तार सोडवली. खाली स्वच्छ घमेलं ठेवून पातळी पाइपच्या खाली येईल इतकं कूलंट काढलं. क्लिप मागे सरकवली. जुना पाइप स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा नाही, कारण रेडिएटरचं तोंड प्लॅस्टिकचं असतं आणि ते तडकलं तर खरोखरच नऊ हजारांचं काम निघतं. पाइप नाहीतरी टाकायचाच आहे, तेव्हा जपून ब्लेडने लांबीत चिरून काढावा. थर्मोस्टॅटच्या धातूच्या तोंडावर साचलेले क्षार बारीक पॉलिश पेपरने साफ केले. नवा पाइप पूर्ण आत ढकलला, नवी क्लिप तोंडावरच्या कंगोऱ्याच्या मागे बसवली आणि बेताने आवळली. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट भरलं. रंग जुळतो म्हणून कोणतंही ओतू नये. रंग हे प्रमाण नाही आणि दोन जातींची सरमिसळ झाली तर गंज रोखायची ताकद कमी होते. पाणी मिसळायचंच असेल तर बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर. बॅटरी जोडून, हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू केलं. झाकण लावून पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत वाट पाहिली, गाडी पूर्ण थंड होऊ दिली आणि आत अडकलेली हवा निघून पातळी जेवढी उतरली तेवढं पुन्हा भरलं. काढलेलं कूलंट मात्र गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते विषारी आहे आणि चवीला गोड आहे. मांजर-कुत्रं चाटतं आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतं. लहान मुलांच्या बाबतीतही हाच धोका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, चिठ्ठी लावून ते गॅरेजवर द्यावं.

एकूण खर्च हजाराच्या आत. त्यानंतर पातळी रेघेवरून हललेली नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, गॅरेजवाले कसे लुटतात. माझं म्हणणं ते नाही. उलट मला वाटतं, या प्रकारात गिऱ्हाईक म्हणून माझाच दोष मोठा आहे. आपण सामानाचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. एखाद्या मिस्त्रीने दोन तास घालून गळती शोधली, चाळीस रुपयांची क्लिप बदलली आणि सहाशे रुपये मागितले, तर आपण भांडतो, "चाळीसच्या क्लिपचे सहाशे?" तोच नवा रेडिएटर बसवून नऊ हजारांचं बिल देतो तेव्हा आपण मुकाट्याने देतो, कारण हातात वस्तू दिसते. मग त्याने शोधाशोध का करावी? आपण ज्याचे पैसे देतो तेच आपल्याला मिळतं. निदानाला किंमत नसलेल्या बाजारात निदान विकायला कोण ठेवणार? डॉक्टरकडे तपासणीची फी आपण आता निमूट देतो. पण ज्याच्या हातावर काळं ऑइल आहे त्याचं डोकं फुकट, असं आपण धरून चालतो.

ही गोष्ट मला जरा जास्त लागते, कारण आपल्या मोहल्ल्यांतली किती तरी घरं पाना-पक्कडीवर चालतात. "पंक्चरवाले" हा शब्द सोशल मीडियावर मुसलमानांना शिवीसारखा फेकला जातो. त्याचं उत्तर म्हणून आपले काही सुशिक्षित लोक लगेच डॉक्टर-इंजिनिअरांची यादी वाचून दाखवतात. यादी खरी आहे, अभिमानाची आहे. पण त्या उत्तरात आपणही कबूल करून टाकतो की पंक्चर काढणं कमीपणाचं आहे. पैगंबर (स.) आपली चप्पल स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर आल्यावर मिस्त्रीला अरे-तुरे करतो. चाचांना दाबाचा पंप वापरता येतो, इंजिनचा आवाज ओळखता येतो, आणि "लीक मिला, बीमारी नहीं मिली" हा फरक त्यांना कळतो. हे इल्म आहे. त्यांनी ते वयाच्या बाराव्या वर्षी उस्तादाच्या लाथा खाऊन मिळवलं, ही मात्र अभिमानाची गोष्ट नाही. पुढच्या मुलांनी ते शाळा सोडून नव्हे, शाळा करून, आयटीआयमध्ये बसून, पुस्तकासकट शिकावं. आणि शिकल्यावर त्याचे पैसे मागावेत.

सगळं घरी करावं असंही मी म्हणत नाही. पाइप, क्लिप, झाकण एवढं घरी जमतं. वॉटर पंप, हेड गॅस्केट, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून करायचं कोणतंही काम, हे माहीतगाराचं आहे. रेडिएटरमध्ये हळद टाकून भोक बुजवायची जुनी युक्ती रस्त्यात अडकलेल्याला गावापर्यंत पोचवत असेल, पण तीच हळद पुढे बारीक नळ्याही बुजवते. बाटलीत मिळणाऱ्या गळतीबंद औषधांचंही तेच. पण निदान मात्र प्रत्येकाने स्वतः करून पाहावं. पैसे वाचतात, ते ठीकच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, स्वतः तीन दिवस एक थेंब शोधल्यावर दुसऱ्याच्या दोन तासांची किंमत कळते.

पंप परत द्यायला गेलो तेव्हा मी चाचांपुढे पाचशे रुपये ठेवले. त्यांनी विचारलं, "किस बात के? मैंने तो कुछ किया नहीं." मी म्हटलं, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे. त्यांनी नोट उलटसुलट करून पाहिली आणि पुतण्याला हाक मारून म्हणाले, "लिख ले, चेकिंग के पाँच सौ." पुतण्याच्या वहीत तो रकाना नव्हता. त्याने सामानाच्या रकान्याखाली रेघ मारून नवा केला.

उद्या सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बॉनेट उघडा आणि टाकीवर एक रेघ मारा. आठ दिवसांनी पुन्हा बघा. पातळी उतरली असेल तर बाटली हातात घेण्याआधी शोधा, पाणी जातंय कुठे. आणि ते दुसऱ्या कोणी शोधून दिलं, तर त्याला शोधण्याचे पैसे द्या.